मामांचा साठा: आधी काय वाचवायचं, मग काय विकत घ्यायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या मामांची नागपुरात सक्करदऱ्यात व्हिडिओ लायब्ररी होती, ती बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता घर रिकामं करताना १४० व्हीएचएस कॅसेट, तीनेकशे व्हीसीडी-डीव्हीडी आणि एक बंद पडलेला व्हीसीआर असा साठा पोत्यांत भरून तुमच्या मनीषनगरच्या फ्लॅटवर आला आहे. कॅसेटींपैकी बारा घरी रेकॉर्ड केलेल्या आहेत, त्यांवर पेनाने नुसत्या तारखा टाकल्या आहेत. तुम्हाला जुने, गाजलेले आणि ज्यांना लोक 'कल्ट' म्हणतात तसे सिनेमे जमवायचे आहेत. पहिले पन्नास सिनेमे कोणते घ्यावेत, ब्लू-रे प्लेअर कोणता घ्यावा आणि या जुन्या कॅसेटी कबाड्याला दिल्या तर चालेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

पहिले शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण त्याची घाई आहे. कॅसेटी देऊ नका. एकही देऊ नका. का ते पुढे सांगतो.

मी कशाच्या आधारावर बोलतोय तेही सांगायला हवं. १९८६ ते १९९४ मी बर्डीवरच्या एका व्हिडिओ लायब्ररीत काउंटरला होतो. शनिवारी संध्याकाळी लोक व्हीसीआर आणि तीन कॅसेट भाड्याने न्यायचे, सायकलरिक्षात मांडीवर धरून. रात्रभर गल्लीतली पोरं, आयाबाया, म्हातारे मिळून बघायचे आणि रविवारी सकाळी सामान परत यायचं. नंतर व्हीसीआर, पुढे डीव्हीडी प्लेअर दुरुस्त करायचं काम धरलं. ग्राहक दुरुस्तीचे पैसे द्यायला कुरकुरले की मी त्यांच्याकडच्या नको असलेल्या कॅसेटी मागून घ्यायचो. तिथून माझा संग्रह सुरू झाला. आज घरी १९०० च्या आसपास डिस्क आणि चारेकशे कॅसेट आहेत.

'पहिले पन्नास कोणते' हे मला बरेच तरुण विचारतात. यादी देणं अवघड नाही, पण तिचा तुम्हाला उपयोग होणार नाही. एकाच सिनेमाच्या चार-पाच वेगवेगळ्या प्रती बाजारात फिरत असतात. एकीत गाणं कापलेलं असतं, दुसरीत चित्राच्या दोन्ही कडा उडवलेल्या असतात, तिसरी रंगवलेली असते. वरचं नाव मात्र सगळ्यांवर एकच. म्हणून माझं म्हणणं असं आहे की जमवायची ती प्रत. सिनेमाचं नाव तर कुठेही मिळतं. आणि ज्या प्रतीची जागा दुसरी कुठलीच प्रत घेऊ शकत नाही, ती आधी वाचवायची. अशा प्रती बऱ्याचदा दुकानातल्या चकचकीत खोक्यात नसतात, तुमच्या मामांच्या पोत्यात असतात.

एक ठळक उदाहरण घ्या. 'मुघल-ए-आझम' १९६० साली आला तेव्हा १९७ मिनिटांचा होता. बहुतेक काळा-पांढरा, थोडा भाग रंगीत. २००४ साली तो संपूर्ण रंगवून पुन्हा थिएटरात लागला तेव्हा लांबी होती १७७ मिनिटं. रंगीत डिस्क बाजारात आल्यावर मी ती आणली आणि घरातला काळ्या-पांढऱ्या व्हीसीडींचा संच एका ओळखीच्या माणसाला देऊन टाकला. आता चांगली प्रत आली, जुनी कशाला ठेवायची, असंच वाटलं होतं. काही महिन्यांनी दोन्हींची लांबी कागदावर मांडली तेव्हा पोटात गोळा आला. वीस मिनिटं मी स्वतःच्या हाताने घराबाहेर काढली होती. पुन्हा तसाच संच मिळायला दीड वर्ष लागलं. तेव्हापासून मी नवी प्रत आली म्हणून जुनी कधीच काढत नाही, आधी दोन्ही शेजारी ठेवून बघतो.

'शोले'चं तर आणखी विशेष. १९७५ साली सेन्सॉरने शेवट बदलायला लावला. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारतो, थिएटरात दिसला तो पोलीस मध्ये पडतात तो शेवट. पण मूळ शेवटाची २०४ मिनिटांची प्रत पुढे घरगुती व्हिडिओवर आली आणि सेन्सॉर झालेली १९८ मिनिटांची प्रतही आली. शिवाय २०४ मिनिटांच्या प्रतीत चित्र चौकोनी आणि १९८ वालीत रुंद. म्हणजे शेवट हवा असेल तर एक प्रत, थिएटरातली रुंद चौकट हवी असेल तर दुसरी. वर्षानुवर्षं लोकांना तो मूळ शेवट कुठे बघायला मिळाला? कॅसेटवर आणि डिस्कवर. थिएटरात तो अगदी अलीकडे, नव्याने दुरुस्त केलेल्या प्रतीत आला, २०२५ साली इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात.

चौकटीचा विषय निघाला तर तोही थोडा उलगडतो. सिनेमास्कोप म्हणजे रुंद पडद्याच्या सिनेमाची रुंदी उंचीच्या २.३५ पट. जुन्या टीव्हीची १.३३ पट. पडदा पूर्ण भरावा म्हणून कॅसेट काढताना दोन्ही बाजू कापल्या, तर जवळजवळ ४३ टक्के चित्र गेलं. पंचशील किंवा अलंकार थिएटरात बसून जो प्रसंग बघितला, त्यात एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरा माणूस बोलताना दिसायचा. कॅसेटवर एकच दिसतो, दुसऱ्याचा नुसता आवाज येतो. आता उलटा प्रकार चालला आहे. जुने चौकोनी सिनेमे रुंद टीव्हीत बसवण्यासाठी वरून-खालून कापतात आणि कपाळ-हनुवटी दोन्ही जातात. म्हणून डिस्क हातात आली की मी पहिलं खोक्याच्या मागे चौकटीचं प्रमाण छापलंय का बघतो, मग लांबी बघतो.

लांबी बघताना एक सावधगिरी. पाल पद्धतीच्या, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीच्या, डिस्कवर किंवा कॅसेटवर सिनेमा सेकंदाला २४ ऐवजी २५ चित्रांनी धावतो, त्यामुळे तो चार टक्क्यांनी लवकर संपतो. १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत. त्यातलं काहीही कापलेलं नसतं. मात्र फरक दहा-पंधरा मिनिटांचा असेल तर काहीतरी गेलेलंच आहे असं समजा आणि गाणी मोजा. आपल्याकडे कात्री बहुधा गाण्यावरच चालते. माझ्याकडे सत्तरच्या दशकातल्या एका तमाशापटाची डीव्हीडी आहे, त्यात लावणीचं दुसरं कडवं सरळ गायब आहे. तबल्याचा ठेकाच मध्ये तुटतो. तीच लावणी माझ्या जुन्या व्हीसीडीवर पूर्ण आहे, चित्र मात्र धूसर. मी दोन्ही ठेवल्या आहेत.

'सगळं ओटीटीवर असताना हे कशाला' असं तुमचे मित्र म्हणतात, तेही तुम्ही लिहिलंय. ओटीटी मीही बघतो. पण तिथे सिनेमा कराराच्या मुदतीपुरता असतो, मुदत संपली की उतरतो. कोणती प्रत चढवायची हे तुम्ही ठरवत नाही. आणि ऐंशीच्या दशकातल्या साध्या मराठी सिनेमांपैकी कितीतरी माझ्या पाहण्यात व्हीसीडीच्या पुढे गेलेच नाहीत. पुण्याला १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, मोठं काम आहे त्यांचं, पण तिथे पोचण्याआधीच आपण बरंच काही गमावून बसलो. आपला पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' १९३१ चा, त्याची एकही प्रत आज नाही. आणि याच्या उलट, १९२७ च्या 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटाचा हरवलेला बराचसा भाग २००८ साली ब्यूनस आयर्सच्या एका संग्रहालयात सापडला. ती प्रत मुळात एका खासगी संग्राहकाकडून आलेली होती. घरी जपलेली वस्तू कधी कामी येईल ते सांगता येत नाही.

आता तुमच्या साठ्याकडे वळू. इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. साठा इतकी वर्षं कुठे होता, माळ्यावर, तळघरात की खोलीत? पाणी शिरलं होतं का? तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून मला एवढंच दिसतं की पोती प्लास्टिकची आहेत आणि हे वाईट आहे, कारण आत ओल कोंडते. आजच पोती सोडा. कॅसेटी पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, आडव्या एकावर एक रचू नका. आडव्या ठेवल्या की रीळ खाली बसतं आणि टेपची एक कड दुमडते.

मग एकेक हातात घेऊन खिडकीतून रिळाकडे बघा. टेप काळी-तपकिरी, गुळगुळीत तव्यासारखी दिसायला हवी. तीवर पांढरट कड किंवा पिठासारखे ठिपके दिसले तर ती बुरशी. कॅसेटच्या बाजूला बारीक कळ असते, ती नखाने दाबून पुढची झडप वर उचला आणि उघडी टेपही तपासा. बुरशीवाल्या कॅसेटी वेगळ्या पिशवीत, वेगळ्या खोलीत ठेवा. त्यातली एक जरी व्हीसीआरमध्ये घातली तरी बुरशी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. दुरुस्तीच्या काळात मी असे व्हीसीआर बघितलेत, ज्यांनी एका पावसाळ्यात मालकाची सगळी कपाटभर कॅसेट खराब केली.

बुरशी निघते, पण चिकाटी लागते. मी काय करतो ते सांगतो. कोरड्या दिवशी, तोंडाला मास्क लावून, गच्चीवर बसतो. कॅसेट उलटी केली की खाली पाच स्क्रू असतात. ते काढले की वरचं झाकण उचलतं. उचलताना घाई केली तर झडपेची स्प्रिंग उडते, म्हणून आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. दोन्ही रिळं बाहेर घेऊन कड मऊ ब्रशने झाडतो. मग रिळं स्वच्छ कवचात बसवतो, त्यासाठी एखादी निकामी लग्नाची कॅसेट नव्हे, दुकानातली रद्द कॅसेट वापरा. लग्नाची कॅसेट कोणाच्या तरी घरची एकुलती एक असते. त्यानंतर टेप एका जुन्या, फक्त याच कामासाठी ठेवलेल्या व्हीसीआरमध्ये, धागे न सुटणाऱ्या कापडाच्या पट्टीला हलकेच घासत पुढे-मागे फिरवतो. पट्टी काळी पडली की बदलतो. एका कॅसेटला तास-दीड तास जातो. हे सगळं तुम्ही पहिल्याच फटक्यात करू नका, आधी बिनमहत्त्वाच्या दोन कॅसेटींवर हात बसवा.

व्हीसीआरची तुम्ही काळजी करताय ती बरोबर आहे. जगातल्या शेवटच्या उत्पादकाने, जपानच्या फुनाईने, जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. म्हणजे जे आहेत तेच आहेत. मामांचा व्हीसीआर बंद पडलाय म्हणून टाकू नका. दहापैकी सात वेळा आतला रबरी पट्टा ताणला गेलेला असतो किंवा टेप ओढणारा रबरी रोलर कडक होऊन चकाकायला लागलेला असतो, असा माझा अनुभव. दोन्ही बदलता येतात. पडद्यावर मुंग्या आल्या तर हेड साफ करावं लागतं. ते कापसाच्या बोळ्याने कधीच करू नका, कापसाचा तंतू अडकला की हेडची बारीक टोकं तुटतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं कमावलेलं मऊ चामडं, हेड ज्यावर बसवलेलं असतं त्या गोल ढोलाला स्थिर टेकवायचं आणि ढोल हाताने फिरवायचा. चामडं वर-खाली हलवायचं नाही. ही एक गोष्ट चुकली की व्हीसीआर गेला.

डिस्कांचं सोपं आहे, पण त्यातही एक खाच आहे. व्हीसीडीमध्ये माहितीचा थर वरच्या, नाव छापलेल्या बाजूला असतो, त्यावर फक्त वॉर्निशचा पातळ पापुद्रा. खालची चकचकीत बाजू म्हणजे एक मिलिमीटरहून जाड प्लास्टिक. त्यामुळे खालचा ओरखडा घासून काढता येतो, वरचा ओरखडा म्हणजे ती जागा कायमची गेली. आता लक्षात घ्या, लायब्ररीवाले सगळे वरच्या बाजूला नंबराचं स्टिकर लावायचे. मामांनीही लावलं असेल. ते स्टिकर ओढून काढू नका. त्याच्याबरोबर चंदेरी थर सोलून निघतो, मी अशा सोललेल्या डिस्का पाहिल्या आहेत, आरपार दिसतं. स्टिकर जसं आहे तसं राहू द्या. डीव्हीडीत थर मधोमध असतो, दोन पातळ चकत्यांच्या सांध्यात, म्हणून ती वरून जरा दणकट. पण खोक्यातून काढताना मधली खुंटी दाबून काढा, कड धरून वाकवाल तर सांधा सुटतो.

प्रत्येक डिस्क ट्यूबलाइटसमोर धरून बघा. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर थर गंजायला लागला आहे, तिची कॉपी आधी काढा. खालची बाजू जांभळी दिसली तर ती घरी किंवा कुठेतरी संगणकावर भाजलेली (बर्न केलेली) डिस्क आहे. तिच्यातला रंग वर्षांगणिक फिका पडतो आणि एके दिवशी ती उघडत नाही. तिचीही कॉपी आधी.

प्रतीच्या दर्जाबद्दल दोन आकडे लक्षात ठेवले की पुरे. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, डीव्हीडीचं ७२० बाय ५७६, म्हणजे चौपट. पण नुसतं डीव्हीडी लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका. एकाच डिस्कवर तीन सिनेमे असलेल्या डीव्हीड्या मिळतात. आठ-साडेआठ तासांचं चित्र ८.५ जीबीत कोंबलं की अंधारातल्या प्रसंगात चौकटी-चौकटी दिसायला लागतात. आपल्याकडे २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणली, तेव्हा पहिल्यांदा साध्या घरांत अस्सल डिस्का आल्या. किराणा दुकानात टांगलेल्या असायच्या. मराठी सिनेमेही त्यात बरेच होते, आणि आज त्याच डिस्का कबाड्याकडे किलोने जातात. तुमच्या तीनशेत त्या नक्की असणार. त्या सांभाळा.

ठेवायच्या जागेबद्दल. पुस्तकात १८-२० अंश तापमान आणि ३०-४० टक्के आर्द्रता असं लिहिलेलं असतं. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५-४६ ला जातो, चोवीस तास एसी कोणाला परवडतो? तर जेवढं जमतं तेवढं करायचं. पश्चिमेची भिंत टाळा, स्लॅबखालचा माळा तर पूर्णच टाळा. घरात आतल्या बाजूची जी खोली दिवसभर सगळ्यात कमी तापते तिथे लाकडी किंवा लोखंडी कपाट ठेवा. उन्हापेक्षाही मला आपल्या कूलरची भीती वाटते. मार्च संपला की खिडकीला कूलर लागतो, आणि तो खोलीत सतत ओली हवा भरतो. माझ्या पहिल्या संग्रहातल्या वीस-बावीस कॅसेटी याच कारणाने गेल्या. कपाट कूलरच्या झोताच्या वाटेत होतं, वाळ्याचा वास यायचा कॅसेटींना. तेव्हा कूलरच्या खोलीत कॅसेट ठेवायची नाही, हा माझ्या घरचा नियम आहे. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका, रंग बदलला की बदला. डांबराच्या गोळ्या टाकू नका, त्यांची वाफ प्लास्टिकला बरी नाही. आणि डिस्का त्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतून काढा, उन्हाळ्यात पाकीट डिस्कला चिकटतं आणि ढगाळ डाग सोडतं.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: पोती सोडा, उभं ठेवा, बुरशी वेगळी काढा, स्टिकर सोलू नका, कूलरपासून दूर ठेवा. एवढं या आठवड्यात करा, बाकीचं सावकाश.

मग कॉपी काढणं. जुनी कॅसेट पहिल्यांदा चालवताना जे चित्र येतं, ते बऱ्याचदा सगळ्यात चांगलं असतं. दुसऱ्या वेळी टेप तुटू शकते, थर खरवडू शकतो. म्हणून 'आधी बघतो, मग रेकॉर्ड करतो' असं करू नका. पहिल्यांदा प्ले दाबण्याआधी संगणक जोडलेला, रेकॉर्डिंग सुरू झालेलं असायला हवं. व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणारी स्वस्तातली यूएसबी कॅप्चरची काडी चालते, पण टेप हलली की ती मधली चित्रं गाळते आणि ओठ-आवाज जुळत नाहीत. मी व्हीसीआर आणि संगणकाच्या मध्ये एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडतो, त्यातून नुसतं चित्र पुढे जाऊ देतो. काही जुने रेकॉर्डर थरथरणाऱ्या रेषा सरळ करून पुढे देतात. ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं, आणि दर्जा अजिबात न घटवता दाबून (लॉसलेस) साठवलं तर तासाला ३० जीबीच्या आसपास जागा लागते. ती मूळ फाइल ठेवा, बघायला लहान फाइल वेगळी करा. दोन हार्ड डिस्क, त्यातली एक तुमच्या घरी आणि एक दुसऱ्या घरी. माझी दुसरी बहिणीकडे वर्ध्याला असते.

कायद्याचंही एक वाक्य. सिनेमाचा कॉपीराइट आपल्याकडे प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. त्याच्या आतल्या सिनेमांच्या कॉपी मी घरी बघण्यापुरत्याच ठेवतो, कोणाला विकत नाही आणि कुठे चढवत नाही. तुम्हीही तेवढंच करा.

आता खरेदी. ब्लू-रे प्लेअर घेण्याआधी एक वर्ष थांबा, असं मी सांगेन. थांबायचं नसेल तर निदान हे समजून घ्या: कुठली डिस्क कुठल्या देशाच्या प्लेअरवर चालेल, हे तिच्या विभागावरून (रीजन) ठरतं. डीव्हीडीच्या विभागांत भारत पाचव्या क्रमांकात, अमेरिका पहिल्या आणि युरोप दुसऱ्या. ब्लू-रेमध्ये भारत सी, अमेरिका ए, युरोप बी. अमेरिकेच्या क्रायटेरियन कंपनीने सत्यजित राय यांच्या अपू त्रयीची जी अप्रतिम ब्लू-रे डिस्क काढली, १९९३ च्या लंडनच्या आगीत जळालेल्या निगेटिव्हमधून जेवढं वाचलं तेवढं पुन्हा जिवंत करून, ती ए विभागाची आहे. साध्या भारतीय प्लेअरवर चालणार नाही. सगळे विभाग चालवणारा प्लेअर लागतो. डीव्हीडीचा विभाग बरेचदा रिमोटवरच्या कळा दाबून उघडता येतो, ब्लू-रेचा सहसा नाही, त्यात आत बदल केलेला प्लेअरच घ्यावा लागतो. फोर-के डिस्कला विभागाचं बंधन नाही. बाहेरून मागवताना डिस्कच्या किमतीत टपालखर्च आणि कस्टम ड्यूटी मिळवा, मग परवडतं का ते ठरवा.

आपल्याकडच्यांत एनएफडीसीने, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने, 'सिनेमाज ऑफ इंडिया' या नावाने समांतर सिनेमाच्या डीव्हीडी काढल्या. दिसल्या की विचार न करता घ्या, 'जाने भी दो यारों' पासून सुरुवात करा.

नागपुरात शोधायचं कुठे? नवी डिस्क दुकानात मिळायचे दिवस गेले. मला सगळ्यात चांगला माल मिळाला तो बंद होणाऱ्या लायब्रऱ्यांतून आणि कबाड्यांकडून. महाल, इतवारी, गड्डीगोदाम इकडच्या दोन-तीन कबाड्यांना माझा नंबर देऊन ठेवलाय. एकाने एकदा फोन केला, 'काका, एक पोतं आलं, पहिले तुम्हीच पाहून घ्या, नाही तर गठ्ठ्यात चाललं.' दोनशे रुपयांत पोतं घेतलं. वर सगळ्या हिंदी सिनेमांच्या कॅमेरा प्रिंट होत्या, थिएटरात चोरून काढलेल्या, मध्येच कोणी उठलं की डोकं दिसतं. तळाशी मात्र एका वऱ्हाडी बोलीतल्या सिनेमाचा तीन डिस्कचा संच होता, मी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. दुसरी डिस्क चिरलेली. पहिली आणि तिसरी ठीक. दुसरी अजून शोधतोय, सहा वर्षं झाली. तुमच्या तीनशेत ती दिसली तर मला कळवा, नाव खासगीत सांगतो.

पैशाबद्दल खरं सांगतो: या साठ्याला बाजारात फार किंमत येणार नाही. विकायच्या विचाराने जमवत असाल तर जमवू नका. मात्र नोंद ठेवा. वहीत किंवा संगणकात प्रत्येक प्रतीसमोर लांबी, चौकट, रंग, किती गाणी, कंपनी आणि अवस्था लिहा. लिहिता लिहिताच तुम्हाला कळेल की पहिले पन्नास सिनेमे कोणते हवेत, कारण कुठली प्रत कुठे अर्धी आहे ते समोर येईल. तुमची यादी तुमच्या साठ्यातूनच निघेल.

शेवटी त्या बारा कॅसेटी. लायब्ररीच्या बाकी कॅसेटींची दुसरी प्रत महाराष्ट्रात कुठे ना कुठे निघू शकते. या बारांची कुठेच नाही. त्यात दूरदर्शनवरून टिपलेला एखादा सिनेमा असेल, मधल्या जाहिराती आणि बातम्यांसकट, किंवा तुमच्या आजीचा आवाज असेल. म्हणून सगळ्यांत आधी एक करा. कॅसेटच्या पाठीवर डाव्या कोपऱ्यात प्लास्टिकची छोटी पट्टी असते, ती स्क्रूड्रायव्हरने मोडून टाका. पट्टी असेपर्यंत चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर वर नवं रेकॉर्ड होतं, पट्टी मोडली की व्हीसीआर रेकॉर्डच करत नाही.

बाकी काही करू नका. रीवाइंडसुद्धा नको. आत्ता जुलै चालू आहे, हवेत ओल आहे, या दिवसांत जुनी टेप ढोलाला चिकटते. कोरड्या खोलीत उभ्या ठेवून द्या. दसरा झाला, हवा कोरडी पडली की मला निरोप करा. मी धरमपेठेत राहतो, माझ्याकडचा व्हीसीआर साफ करून ठेवतो. बाराही कॅसेटी एकेक करून सोबत बसून उतरवू, पहिल्याच फेरीत.